नवव्या महिन्यातली आवराआवर

मराठवाड्यातल्या करमाडला माहेरी आलेल्या लेकीला नववा लागला की घरात लपंडाव सुरू होतो. आई भाकरी थापत असते तेवढ्यात लेक स्टुलावर चढलेली असते. फळीवरचे डबे खाली उतरलेले, फळीवरचा जुना पेपर बदलून झालेला आणि हात आता थेट माळ्यापर्यंत पोचलेला. "अगं माय, उतर खाली! पोटुशी हायेस, माकड न्हाईस!" लेक उतरते. तासाभराने ती मोरीत घासणी घेऊन बसलेली सापडते. तिथून उठवावी तर रात्री दोनला उठून बाळुत्यांच्या घड्या मोडते आणि त्याच घड्या पुन्हा घालते. पाय सुजलेत, पाठ धरलीय, चार पावलं चालली तरी धाप लागते. पण घर आवरायचं म्हटलं की कुठून तरी बळ येतं. ज्या पोरीला लग्नाआधी स्वतःचं ताट उचलायला सांगावं लागायचं, तिला आता भिंतीवरचा तेलकट डाग झोपू देत नाही.

घरातल्या बायका हसतात. म्हणतात, आता जवळ आलं. डॉक्टर मंडळींनी याला नेस्टिंग, म्हणजे घरटं करण्याची ओढ, असं नाव दिलंय. पोटात जीव वाढत असताना डोक्याला एकाएकी फडताळं दिसू लागतात, याला घरचे लहर म्हणून सोडून देतात. पण या लहरीच्या मागे जायला लागलं की आपण सशाच्या बिळात आणि डुकरिणीच्या खड्ड्यात जाऊन पोचतो, आणि तिथे जे दिसतं ते थक्क करणारं आहे.

सशाची मादी साधारण 31 दिवस गाभण असते. तिच्या या महिन्याचा अभ्यास मेक्सिकोतल्या गाब्रिएला गोन्सालेस-मारिस्काल यांनी कितीतरी वर्षं केला. त्यात दिसलं ते असं. एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरकं भरात असतात तेव्हा ती बीळ खणते. विण्याचे दिवस जवळ येतात, प्रोजेस्टेरॉन उतरू लागतं, आणि तिचं खणणं थांबतं. आता ती तोंडात गवत धरून आत नेऊ लागते. पुढे प्रोलॅक्टिन चढतं, तिच्या छातीपोटाचे केस सैल होतात, आणि ती स्वतःच्याच अंगाचे केस उपटून त्या गवतावर मऊ अंथरूण घालते. शेताला बारं देताना एक वाफा भरला की दांड फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतात ना, तसं एकेक संप्रेरक चढता-उतरताना तिला पुढच्या कामाकडे वळवत जातं. पहिल्यांदाच विणाऱ्या मादीलाही हे कोणी शिकवावं लागत नाही. एवढ्या मेहनतीचं कारण पुढे कळतं. सशाची आई दिवसातून जेमतेम एकदा, तीनेक मिनिटं पिल्लांना पाजायला येते आणि निघून जाते. उघड्या अंगाची, डोळे मिटलेली पिल्लं उरलेला सारा दिवस त्या केसांच्या उबेवर काढतात. ऊब देण्याचं काम आईनं आधीच घरट्यावर सोपवलेलं असतं.

डुकरिणीची गोष्ट मला त्याहून भारी वाटते. स्वीडनमधले पेर जेन्सन यांनी पाळीव डुकरिणींना मोकळ्या रानात सोडून पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात वाढलेली ही जनावरं. पण व्यायच्या आदल्या दिवशी डुकरीण कळप सोडते, लांब चालत जाते, आडोशाची जागा हेरते, तिथे खळगा उकरते आणि मग फांद्या, गवत, पाला ओढून आणते. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याचं इंजेक्शन दिलं तर गाभण नसलेली डुकरीणसुद्धा माती उकरायला लागते, हेही पुढे दिसलं. आणि सगळ्यात काळजाला भिडणारं हे की, सिमेंटच्या फरशीवर लोखंडी पिंजऱ्यात अडकवलेली डुकरीण, जिच्यापुढे गवताची काडीही नाही, तीदेखील तो दिवस आला की नाकानं फरशी उकरते आणि पायानं नसलेली माती ओढते. आयतं घरटं करून दिलं तरी ती स्वतःचं उकरणं पुरतं सोडत नाही. ओढ आतून येते. घरटं पुरेसं झालं की नाही, ते मात्र तिला बाहेरून, अंगाला लागणाऱ्या गवतावरून कळतं. म्हणजे सुरुवात रक्तातून आणि शेवट स्पर्शातून. फरशीवरच्या डुकरिणीला तो शेवट भेटतच नाही, म्हणून ती उकरत राहते.

आता करमाडच्या स्टुलावर परत यायचं तर एक सावधगिरी बाळगायला हवी. बाईमाणूस म्हणजे ससा नव्हे. आपल्यात प्रसूतीच्या आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन सशासारखं धाडकन खाली येत नाही, त्यामुळे तीच चावी आपल्यालाही लागते असं म्हणता येत नाही. शिवाय आपले जवळचे नातलग, चिंपांझी आणि ओरांगउटान, रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून झोपायची जागा करतात खरी, पण ती रोजची असते, बाळंतपणाची वेगळी नसते. मग माणसात ही ओढ कुठून आली? की दिवाळीच्या साफसफाईसारखी आपणच ती एकमेकींना शिकवली?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या मार्ला अँडरसन आणि मेल रदरफोर्ड यांनी 2013 मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदर बायकांना त्यांनी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले, आणि गरोदर नसलेल्या बायकांनाही विचारले. जागा लावणं, साफ करणं, वस्तू निवडून ठेवणं हे सगळं गरोदरपणात वाढतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत शिगेला पोचतं, असं त्यात दिसलं. पुढे 2022 मध्ये नेदरलँड्समधल्या एल्सेलिन होकझेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या मेंदूची चित्रं गरोदरपणाच्या आधी आणि नंतर काढून ताडून पाहिली. गरोदरपणात मेंदूची घडण बदलते, त्यातही माणूस स्वतःशी विचार करत बसलेला असतो तेव्हा जागं असणारं मेंदूतलं जाळं सर्वांत जास्त बदलतं. या बदलांचा संबंध शेवटच्या तिमाहीतल्या एस्ट्राडायॉलशी, म्हणजे एस्ट्रोजेनच्याच एका रूपाशी, लागला. आणि घरटं करण्याच्या वागण्याशीही लागला. संबंध लागला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, हे शास्त्रज्ञही सांगतात. तरी रात्री दोन वाजता घड्या मोडणाऱ्या पोरीला कोणी "डोकं फिरलंय का?" म्हणालं, तर "फिरलं न्हाई, बदललंय" एवढं उत्तर तिला आता देता येईल.

"आवराआवर सुरू झाली, म्हणजे उद्या-परवा होणार" हा घरोघरचा अंदाज मात्र डुकरिणीला लागू पडतो, बाईला नाही. कुणाला सातव्यातच सुरसुरी येते, कुणाला शेवटच्या आठवड्यात, कुणाला येतच नाही. पोट दुखतंय की नाही, पाणी गेलं की नाही, हेच पाहायचं. फडताळावरून तारीख काढू नये.

अँडरसन-रदरफोर्ड यांच्या निष्कर्षांत आणखी एक गोष्ट होती, आणि डबे-फळ्यांच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष होतं. दिवस भरत आलेल्या बाईला घरापासून लांब जावंसं वाटत नाही आणि आपल्याभोवती कोण असावं याबद्दल ती चोखंदळ होते. नको ती माणसं खरोखरच नकोशी होतात. घरट्याच्या ओढीत जागेइतकीच माणसांची निवड येते.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या रीतीकडे नव्यानं पाहावंसं वाटलं. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि पहिल्या बाळंतपणाला लेकीला माहेरी न्यायचं, हे मराठवाड्यात अजूनही चालतं. माहेरी नेण्याची कारणं आपण विश्रांती, आईच्या हातचं खाणं, सासरच्या कामातून सुटका अशी सांगतो. पण या रीतीनं माणसांची निवड आपोआप होऊन जाते. ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सावरावा लागत नाही, ज्यांच्यासमोर कण्हता येतं, चिडता येतं, दुपारी झोपता येतं, अशा माणसांत तिला नेऊन ठेवलं जातं. आणि तिनं घरटं बांधण्याऐवजी तिची आई तिच्यासाठी बांधते. कोपऱ्यातली खोली रिकामी करते, बाजेचा सुंभ ओढून घेते, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवते, कुंची-टोपडं शिवायला टाकते, हळीव, खारीक, डिंक, बाळंतशोपा भरून ठेवते. नवं काही घ्यायचं नाही, पाळणा तर नाहीच, बाळ यायच्या आधी तयारी मिरवायची नाही, असं जुनी माणसं बजावतात. म्हणून सगळी हौस जुन्या कापडावर येऊन थांबते. वापरून वापरून मऊ झालेलं सुती कापड नवजात कातडीला नव्यापेक्षा चांगलं, हा त्यातला आयता फायदा.

गंमत इथेच आहे. ओढ लेकीच्या अंगात आणि काम आईच्या हातात. जिच्या रक्तात संप्रेरकं उसळतायत तिला "बस तू" म्हणून बाजेवर बसवलं जातं. मग ती चोरून स्टुलावर चढणार नाही तर काय करणार?

बाळंतपणाची जागा आधी तयार करण्याची आज्ञा आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलंय की नववा महिना लागण्याच्या आधीच सूतिकागार बांधून घ्यावं. दार पूर्वेला किंवा उत्तरेला हवं. लाकूड कोणतं, अंथरूण-पांघरूण काय, विस्तव कुठे, पाणी कुठे, नहाणी कुठे, स्वयंपाक कुठे, आणि हे सगळं ऋतूप्रमाणे सोयीचं असावं. पुढे सामानाची यादी येते: तूप, तेल, मध, सैंधव, उखळी-मुसळं, सुया-दोरा, धारदार हत्यारं, बेलाच्या लाकडाच्या बाजा, जळण. आणि या यादीत माणसंही आहेत: अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, कामात तरबेज बायका. दोन हजार वर्षांमागच्या वैद्यांनी सामान आणि सोबत एकाच यादीत घातली, याचं मला फार अप्रूप वाटतं. हा विषय घेऊन आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रबंध लिहिला. आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, हा त्याचा विषय. त्यांचं स्वतःचं मूल त्या चौदा वर्षांच्या असताना जन्मलं आणि दहा दिवसांत गेलं होतं.

आज महाराष्ट्रात शंभरातली पंच्याण्णवच्या जवळपास बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा 94.7 टक्के आहे. करमाडहून अडलेली बाई जालना रोडनं घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेली जाते. म्हणजे शरीर जी जागा तयार करायला सांगतं, त्या जागेत आता जन्म होतच नाही. चार भिंतींचं सूतिकागार आटून एका पिशवीत आलं. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार, पासबुक, दोन जुन्या सुती साड्या, धुऊन वाळवलेली बाळुती, टोपडं, चार्जर, पेला. ही पिशवी मात्र लेकीनंच भरावी, आईनं नव्हे. एकतर काय कुठे आहे ते तिलाच ठाऊक हवं. आणि दुसरं, दहा वेळा भरून दहा वेळा रिकामी केली तरी कोणाचं काही बिघडत नाही. बसल्या जागी होणारं हे काम आहे.

ओढ दाबायची कशाला, तिला वाट काढून द्यावी. वाकळ शिवायला घ्यावी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, पाठीला उशी लावून धावदोरा घालत बसावं. हाताला काम, डोळ्यासमोर वाढणारी रांग, आणि मध्येच उठून फेरी मारता येते. डाळी निवडाव्यात, बाळुत्यांच्या घड्या घालाव्यात, औषधांचा डबा काढून मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या कराव्यात. फळीवरचं काय उतरवायचं ते तिनं खाली बसून सांगावं आणि दुसऱ्यानं उतरवावं. पोट पुढे आलं की शरीराचा तोल बदलतो, सांधे सैलावतात, आणि पायाखाली काय आहे ते दिसेनासं होतं; स्टूल, शिडी, जिन्यावरची बादली आणि पाण्याचे जड हंडे यांच्यापासून लांब राहायचं ते एवढ्यासाठी. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर आला की जो तो भरायला धावतो. नववा लागलेल्या बाईनं त्या रांगेत नसावं, हे घरानं आधीच ठरवून टाकावं.

आता एका वस्तूपाशी जरा थांबतो. घरातली लोखंडी पेटी उघडली की एक ओळखीचा वास येतो: डांबरगोळ्यांचा. मोठ्या भावंडांची झबली, आजीनं जपलेली शाल, लोकरीची टोपडी त्या पेटीतूनच निघतात, आणि हौसेनं थेट बाळाला चढवली जातात. पांढऱ्या गोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात. ही गोळी पाण्यात विरघळत नाही, उडून जाते. हवेत वाफ होऊन कापडाच्या धाग्याधाग्यात बसते, आणि तिथून नवजाताच्या श्वासात आणि कातडीतून अंगात जाते. बहुतेक बाळांना त्यानं काही जाणवत नाही. पण काही बाळांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं, आणि असे बहुतेक मुलगे असतात. अशा पेशी नॅफ्थलीनचा मारा सोसत नाहीत, फुटतात. फुटलेल्या पेशींपासून बिलिरुबिन तयार होतं, बाळाचं अंग पिवळं पडतं, आणि कावीळ फार चढली तर ती मेंदूपर्यंत जाते. डांबरगोळ्यांच्या कपड्यांत गुंडाळलेली बाळं अशी आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात अनेक दशकांपासून आहेत. बाळाला ही कमतरता आहे का, हे जन्मल्या दिवशी बघून कळत नाही. म्हणून पेटीतले कपडे दोनचारदा धुवावेत, कडक उन्हात आणि वाऱ्यावर दिवस दिवस ठेवावेत, आणि तरी वास येत राहिला तर ते कापड बाळाच्या वाट्याला देऊ नये. बाळाच्या कपड्यांत गोळ्या टाकायच्याच नाहीत. कडुलिंबाचा वाळलेला पाला आजी टाकायची, तेवढा पुरे.

मोरी घासायचा मोह अनावर झाला तर साबण-पाण्यानं घासावी. संडास साफ करायच्या बाटलीत आम्ल असतं. त्यावर ब्लीचिंग पावडर पडली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो छातीत बसतो. भिंतीचे जुने तेलकट रंगाचे पोपडे खरवडू नयेत. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती, ते भिंत सांगत नाही. आणि कापसाचा हा पट्टा असल्यामुळे आणखी एक सांगायला हवं. फवारणीच्या औषधांच्या अर्धवट बाटल्या, पंप, मापाचा जुना डबा हे बऱ्याच घरी धान्याच्या खोलीतच पडलेलं असतं. घरटं लावणारा हात नेमका त्या कोपऱ्यात आधी जातो, कारण तो कोपरा सर्वांत घाण. तिथे तिनं हात लावायचा नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी तरी हातमोजे घालून ते सगळं घराबाहेर, कुलपात न्यायचं.

बाळंतिणीच्या खोलीबद्दलही दोन शब्द. खिडक्या बंद करून बाजेखाली शेगडी ठेवायची आणि धुरी द्यायची, ही काळजीपोटीच आलेली रीत. पण बंद खोलीत पेटलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि त्याला वास नसतो. ऊब द्यायला आईचं अंग पुरतं. नाळेला काही लावायचं नाही, राख नाही, शेण नाही, तेल नाही. 2015 मध्ये भारतानं माता आणि नवजातांच्या धनुर्वातावर मात केल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं, त्यामागे लसीबरोबरच स्वच्छ हात, स्वच्छ पातं आणि कोरडी ठेवलेली नाळ यांचा मोठा वाटा आहे.

जिला अशी ओढ लागत नाही, तिनं स्वतःला बोल लावू नये. रक्त कमी असलेल्या बाईला उठून बसायचंच बळ नसतं, आणि 2019–21 च्या त्याच पाहणीत देशातल्या निम्म्याहून थोड्या जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, टोमणे नकोत. उलट बाजूही आहे. आवरण्यातून हलकं वाटण्याऐवजी भीतीच वाढत गेली, हात धुणं थांबेना, एकच गोष्ट पुसल्याशिवाय श्वास मोकळा होईना, तर ती घरट्याची ओढ राहिलेली नसते. या काळात मंत्रचळाचा आजार डोकं वर काढू शकतो, आणि तो बरा होतो. आशाताईशी किंवा डॉक्टरांशी बोलावं. टेलीमानसचा 14416 हा फोनही आहे. आवरता आवरता रक्त दिसलं, पाणी गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर घासणी तिथेच टाकून 108 लावायचा.

सगळ्याच जणींना माहेर मिळतं असं नाही. मराठवाड्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या जोडप्यांत दिवस भरत आलेल्या बायकाही असतात, कारण नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. कारखान्याच्या तळावर पोचल्यावर ती बाई बांबू, चटई, पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाची कोपी उभी करते, तीन दगड मांडते, कोपऱ्यात पाण्याचा हंडा ठेवते. इथे ओढ आणि काम दोन्ही तिच्याच अंगावर. अंथरायला जे मिळेल ते. शास्त्रज्ञांच्या प्रश्नावलीत तिची कोपी बसणार नाही, पण घरटं या शब्दाला तिच्याइतकं कोणी जवळचं नाही.

शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला असलेल्यांच्या भाड्याच्या खोल्यांची गोष्ट तिसरीच. बायको माहेरी गेलेली, खोलीत नवरा एकटा. माहेरचं घरटं तयार होत असतं. पण सव्वा महिना, फार तर तीन महिने झाले की बाळ-बाळंतीण या खोलीत परत येणार, आणि या खोलीकडे कोणाचंच लक्ष नसतं. इथे मला सुगरणीची आठवण होते. सलीम अली यांनी अलिबागजवळ किहीमला 1930 च्या पावसाळ्यात या पाखरांवर दिवसच्या दिवस नजर ठेवली आणि दुसऱ्या वर्षी आपली निरीक्षणं छापली. खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की थांबतो आणि माद्या पाहणीला येतात. आत शिरून, लोंबकळून, चोचीनं ओढून बघतात. पसंत पडला तर मादी तिथे राहते आणि नर बाकीचा पुरा करतो. नाही पडला तर खोपा तसाच लटकत राहतो. (एक खोपा वसला की हा गडी दुसरीसाठी दुसरा विणायला घेतो, तेवढं मात्र उचलू नये.)

नवऱ्यांनी घ्यावं ते अर्ध्या खोप्यापर्यंतचं. खाली आलेला स्विचबोर्ड वर घ्यायचा, पाण्याची टाकी घासून घ्यायची, पेटीतल्या गोळ्या फेकायच्या, फवाऱ्याच्या आणि ॲसिडच्या बाटल्या हलवायच्या, गळकं छत पावसाआधी बघायचं, बाळाला निजवायला सपाट, टणक जागा करायची, तिच्यात उशा-खेळणी भरायची नाहीत. मग पाहणी. ती आजकाल मोबाइलवर होते. करमाडला बाजेवर पाय लांब करून बसलेली बाई व्हिडिओ कॉलवर खोली फिरवून बघते. अजून इकडे. जरा खाली. ते कपाट खिडकीत कशाला ठेवलंय, बाळाला ऊन कुठून येणार? आणि त्या कपाटावर काय ठेवलंय ते? नवरा कॅमेरा वर नेतो. ती बघते, आणि म्हणते, "ते सगळं उतरवा आधी."